वाइल्डफाउलिंग क्लबात प्रवेश: बंदुकीच्या आधी काय काय लागते

ब्रिटनच्या किनाऱ्यावर रानबदके आणि रानहंस यांची शिकार करणाऱ्यांचे जे स्थानिक क्लब आहेत, त्यांच्या नावांत पुष्कळदा शिकारीच्या शेजारीच संवर्धनाचाही उल्लेख असतो. केंट परगण्यातल्या क्लबाचे नाव केंट वाइल्डफाउलिंग अँड कॉन्झर्व्हेशन असोसिएशन असे आहे, तर डी नदीच्या मुखावरचा क्लब स्वतःला वाइल्डफाउलर्स अँड वेटलँड्स मॅनेजमेंट क्लब म्हणवतो. भारतात वाढलेल्या वाचकाला ही जोडी खटकते आणि ते स्वाभाविकच आहे, कारण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनंतर आपल्याकडे हौशी शिकारीला कायदेशीर वाटच उरली नाही, आणि पक्षी मारणारा व पक्षी राखणारा एकच माणूस असू शकतो ही कल्पनाही तिच्याबरोबर मागे पडली. असा क्लब चालतो कसा, त्यात शिरायला काय करावे लागते आणि त्याच्या अटी इतक्या जाचक का वाटतात, हे येथे समजून घ्यायचे आहे. माझ्या मते त्यासाठी बंदुकीपासून सुरुवात केली तर काहीच उलगडत नाही; सुरुवात जमिनीपासून करावी लागते.

वाइल्डफाउलिंग म्हणजे मुख्यतः खाजणात आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन, एकट्यादुकट्याने केलेली जंगली पाणपक्ष्यांची शिकार. मोठ्या जमीनदारांच्या इस्टेटींवर पाळून सोडलेले फेझंट हाकारे घालून उडवायचे आणि ओळीने उभ्या पाहुण्यांनी ते टिपायचे, हा वेगळा आणि फार महागडा प्रकार आहे. येथे पक्षी पूर्णपणे रानटी असतात, ते येतील की नाही हे वारा, चंद्र आणि भरती ठरवतात, आणि रिकाम्या हाताने परतणे हीच नेहमीची गोष्ट असते. मात्र ज्या चिखलावर हे सारे घडते तो कोणाचा तरी असतो. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील भरती-ओहोटीच्या पट्ट्याचा जवळपास निम्मा भाग क्राउन इस्टेट या संस्थेच्या ताब्यात आहे, बाकीचा खाजगी मालक, स्थानिक संस्था, बंदरे आणि निसर्गसंस्था यांच्याकडे. परवानगीशिवाय बंदूक घेऊन तेथे पाऊल टाकणे हा १९६८ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे फौजदारी गुन्हा आहे, मग एकही गोळी उडाली नसली तरी. स्कॉटलंडमध्ये स्थिती थोडी निराळी आहे. तेथे भरतीच्या पट्ट्यात पाणपक्ष्यांची शिकार करण्याचा लोकांचा हक्क परंपरेने मान्य झालेला आहे, पण राखीव क्षेत्रांत तोही परवान्यांच्या चौकटीत बांधलेला आहे.

म्हणून क्लब म्हणजे सर्वांत आधी एक भाडेपट्टा असतो. एकट्या माणसाला कोणी खाजण भाड्याने देत नाही. सभासदांची यादी, विमा, नियमावली आणि हिशेब असलेल्या संस्थेला ते मिळू शकते. त्यातच किनाऱ्यावरची बहुतेक मोठी खाजणे कायद्याने संरक्षित क्षेत्रे असल्यामुळे, मालकाने होकार दिला तरी इंग्लंडमध्ये नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेची संमती लागते. ती संमती देताना हंगामात किती फेऱ्या होणार, कोणता भाग अजिबात न छेडता सोडला जाणार, मारलेल्या पक्ष्यांची नोंद कशी ठेवली जाणार, असे प्रश्न विचारले जातात आणि त्यांची उत्तरे कागदावर बांधून घेतली जातात. एका सभासदाने नियम मोडला तर पट्ट्याचे नूतनीकरण अडते आणि सर्वांचेच खाजण जाते. नव्या अर्जदाराकडे क्लब ज्या संशयाने पाहतो त्याचे मूळ येथे आहे.

या व्यवस्थेला इतिहास आहे. १९०८ मध्ये हल शहरातल्या स्टॅन्ली डंकन या बंदूक-कारागिराने वाइल्डफाउलर्स असोसिएशन ऑफ ग्रेट ब्रिटन अँड आयर्लंड ही संघटना उभी केली. हंबर नदीच्या मुखावर पॅट्रिंग्टन हेवन येथे त्याची एक काळी लाकडी झोपडी होती आणि संघटनेच्या आठवणींत तिला आजही स्थान आहे. पहिले अध्यक्ष सर राल्फ पेन-गॉलवी हे होते. खाजणे भराव टाकून शेतीखाली जात होती, बंदरे आणि कारखाने पसरत होते, आणि किनाऱ्यावरच्या साध्या शिकाऱ्याचे म्हणणे कोणी ऐकून घेत नव्हते, अशा काळात ही संघटना जन्मली. १९८१ मध्ये तिने ब्रिटिश असोसिएशन फॉर शूटिंग अँड कॉन्झर्व्हेशन हे नाव घेतले. आद्याक्षरांवरून तिला सगळे बॅस्क म्हणतात आणि बहुतेक वाइल्डफाउलिंग क्लब तिला जोडलेले आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर निसर्गप्रेमी आणि शिकारी यांच्यात उघड संघर्ष होता. १९५४ च्या पक्षी संरक्षण कायद्याच्या निमित्ताने तो टोकाला गेला आणि त्यातूनच तडजोडही निघाली. १९५७ मध्ये स्कॉटलंडच्या सॉल्वे खाडीवर कार्लाव्हरॉक येथे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र घोषित झाले, तेव्हा तेथील शिकार बंद करण्याऐवजी काही भाग पूर्ण अभय ठेवायचा आणि उरलेल्या भागात मोजक्या परवान्यांवर शिकार चालू द्यायची, असे ठरले. स्वालबार्ड बेटांवरून तेथे येणाऱ्या बार्नकल जातीच्या रानहंसांची संख्या १९४० च्या दशकाच्या अखेरीस काहीशेवर आली होती; त्यांना पूर्ण संरक्षण मिळाले आणि आज ती दहा-दहा हजारांच्या पटीत मोजली जाते. त्याच चिखलावर, त्याच थव्यांच्या शेजारी, आइसलँड आणि ग्रीनलंडहून येणाऱ्या गुलाबी पायांच्या रानहंसांची शिकार मात्र परवान्याने चालू राहिली. या तडजोडीच्या पिढीत सर पीटर स्कॉट यांचे नाव ठळक आहे. दक्षिण ध्रुवावर गेलेल्या कॅप्टन स्कॉट यांचा हा मुलगा तरुणपणी वॉश उपसागरातला कट्टर वाइल्डफाउलर होता; १९४६ मध्ये त्याने सेव्हर्न नदीकाठी स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांसाठी संस्था काढली आणि पुढे बंदूक कायमची खाली ठेवली. त्याची संस्था आज वाइल्डफाउल अँड वेटलँड्स ट्रस्ट म्हणून ओळखली जाते, आणि शिशाच्या छऱ्यांच्या वादात तिनेच शिकाऱ्यांना सर्वांत अवघड प्रश्न विचारले, ते पुढे येईलच.

आता प्रत्यक्ष प्रवेशाकडे वळू. पहिले दार पोलिसांचे आहे. छऱ्याची बंदूक बाळगायला शॉटगन सर्टिफिकेट लागते, ते त्या भागाचे पोलीसप्रमुख देतात आणि त्याची मुदत पाच वर्षांची असते. अर्जदाराला ओळखणाऱ्या माणसांची साक्ष, डॉक्टरांकडून प्रकृतीची माहिती, पूर्वीच्या गुन्ह्यांची छाननी, घरी येऊन अधिकाऱ्याने घेतलेली मुलाखत आणि भिंतीला पक्के बसवलेले पोलादी कपाट, एवढे सारे जमल्यावर ते मिळते. २०२१ च्या नोव्हेंबरपासून वैद्यकीय माहितीशिवाय कोणताही अर्ज पुढे सरकत नाही. नैराश्याचा किंवा व्यसनाचा इतिहास लपवणे हेच अर्ज फेटाळले जाण्याचे कारण ठरू शकते, उलट तो मोकळेपणाने सांगितला तर विचार होतो. नव्या सर्टिफिकेटचे शुल्क २०२५ च्या फेब्रुवारीपासून १९४ पौंड झाले आहे. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा झालेल्या माणसाला बंदूक जन्मभर वर्ज्य असते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जर्मनीत शिकारीचा परवाना मिळवायला लेखी, तोंडी आणि नेमबाजीची अवघड परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमध्ये कायद्याने अशी कोणतीही परीक्षा नाही. पोलीस तपासतात ते माणूस धोकादायक आहे का एवढेच. त्याला पक्षी ओळखता येतात का, अंतराचा अंदाज आहे का, भरतीचे वेळापत्रक वाचता येते का, हे विचारण्याची जबाबदारी राज्याने घेतलेली नाही, आणि म्हणूनच ती क्लबांवर येऊन पडली आहे.

क्लबाचा अर्ज भरताना बहुधा एखाद्या सभासदाची शिफारस आणि समितीपुढे मुलाखत असते. नामांकित खाजणे असलेल्या क्लबांत प्रतीक्षायादी असते, आणि स्थानिक रहिवाशांना प्राधान्य मिळते. प्रवेश मिळाला तरी सुरुवातीचा काळ उमेदवारीचा असतो. या काळात नवख्याने एकट्याने बंदूक घेऊन खाजणात जायचे नसते. अनुभवी सभासदाबरोबर ठरावीक वेळा जायचे, त्याने सांगितलेले ऐकायचे, आणि शेवटी त्याने सही केली की पूर्ण सभासदत्वाचा विचार होतो. बॅस्कचे सभासदत्व अनेक क्लब सक्तीचे करतात, कारण त्यात दुसऱ्याला इजा झाल्यास लागू होणारा विमा असतो. बंदूक, चिखलबूट आणि काडतुसे यांवर आधी खर्च करून मग क्लब शोधणारे पुष्कळ असतात. क्रम उलटा ठेवलेला बरा, कारण कोणत्या खाजणात काय लागते हे तिथला जुना सभासदच सांगू शकतो आणि त्याचे पहिले सांगणे बहुधा कमी सामान आणा असे असते.

उमेदवारीतला सर्वांत कठीण विषय म्हणजे पक्ष्यांची ओळख. मॅलार्ड, वायजन म्हणजे आपल्याकडचे तरंग, टील म्हणजे चक्रांग, पिनटेल म्हणजे तलवार बदक, हे शिकारयोग्य यादीतले नेहमीचे पक्षी. शेलडक हे बदक पूर्ण संरक्षित. रानहंसांपैकी ग्रेलॅग, कॅनडा आणि गुलाबी पायांचे चालतात, बार्नकल आणि ब्रेंट चालत नाहीत. राजहंस तर नाहीतच. पुस्तकातल्या रंगीत चित्रांवरून ही यादी पाठ करणे सोपे आहे. अडचण अशी की शिकारीची वेळ पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अंधुक प्रकाशाची असते. बदके दिवसा चिखलावर किंवा पाण्यावर विसावतात आणि अंधार पडताना चरायला आत जमिनीकडे जातात. रानहंस याच्या उलट दिवसा शेतांत चरतात आणि रात्री समुद्रालगतच्या वाळूवर येतात. दोघांचा मार्ग एकच, वेळ एकच, दिशा मात्र उलट, आणि या ये-जा करण्यालाच फ्लाइट म्हणतात. त्या प्रकाशात रंग दिसतच नाहीत. आकार, पंखांच्या हालचालीचा वेग, मानेची लांबी आणि आवाज यांवरूनच ठरवावे लागते. वायजनचा नर लांब शीळ घालतो. टील लहान आणि चपळ, घट्ट थव्याने वळणारा. पिनटेलची मान आणि शेपूट दोन्ही लांब. गुलाबी पायांच्या हंसांचा आवाज उंच आणि दुहेरी, तर बार्नकलचा थवा लहान कुत्री भुंकत असल्यासारखा ऐकू येतो. सॉल्वेवर एक बार उडवण्याआधी हा फरक कानाने करावा लागतो, आणि शंका असेल तर बार उडवायचा नसतो. अनेक क्लब यासाठी छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे दाखवून चाचणी घेतात. मला ही चाचणी या सबंध व्यवस्थेतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते, कारण तिच्यात नापास होणारा माणूस नेमबाजीत कितीही तरबेज असला तरी त्याचा उपयोग शून्य.

दुसरा विषय पाण्याचा. कोकणात वाढलेल्या वाचकाला उधाण आणि भांग सांगायला नको, पण सेव्हर्नच्या मुखात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरच्या घरात जातो, हे डोळ्यांसमोर आणायला त्यालाही वेळ लागेल. मोरकम उपसागर किंवा वॉश येथे सपाट वाळू कित्येक किलोमीटर उघडी पडते आणि भरती परतते तेव्हा पाणी समोरून लाटेसारखे चालून येत नाही. ते आधी खाजणातल्या नाळांतून, म्हणजे चिखलातल्या अरुंद जलवाटांतून, शिरते. माणूस उंचवट्यावर कोरडा उभा असतो, समोरचे पाणी अजून दूर दिसत असते, आणि तेवढ्यात त्याच्या मागची नाळ पुरुषभर भरलेली असते. त्यात धुके उतरले तर किनारा कोणत्या बाजूला हेही कळत नाही. म्हणून नवख्याला पहिल्या फेरीत बंदुकीऐवजी काठी देऊन खाजणातून फिरवले जाते: कोणती नाळ कोठे ओलांडायची, कोणत्या उंचीच्या भरतीला कोणता भाग बुडतो, परत फिरण्याची वेळ भरतीच्या किती आधीची. वेळापत्रकातली उंची शांत हवेसाठी असते. किनाऱ्याकडे जोराचा वारा असेल तर पाणी लवकर येते आणि जास्त चढते. होकायंत्र, शिटी, दिवा आणि घरी सांगून ठेवलेली परतीची वेळ या गोष्टी क्लबाच्या नियमांत लिहिलेल्या असतात, आणि त्या पाळल्या नाहीत म्हणून परवाना रद्द होऊ शकतो.

तिसरा विषय शिशाचा, आणि येथे शिकाऱ्यांची बाजू लंगडी पडते. बदके अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात. चिखलात पडलेला शिशाचा छर्रा त्यांना खड्यासारखाच दिसतो. पेषणीत तो झिजतो, आम्लात विरघळतो आणि रक्तात जातो. पक्षी लगेच मरत नाही, तो काही दिवस किंवा आठवडे खंगतो. ब्रिटनमध्ये दर हिवाळ्यात ५० हजार ते एक लाख पाणपक्षी अशा विषबाधेने मरत असावेत, असा संशोधकांचा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्ये १९९९ पासून सर्व रानबदकांवर आणि रानहंसांवर तसेच भरतीच्या पट्ट्यात शिसे वापरायला बंदी आहे. वेल्समध्ये २००२ मध्ये तसाच कायदा आला आणि स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांनी नंतर पाणथळ जागांनुसार बंदी घातली. कायदा झाला म्हणजे पालन झाले असे मात्र नाही. स्कॉट यांच्या संस्थेने इंग्लंडच्या बाजारातून विकत घेतलेली बदके तपासली तेव्हा २०१३–१४ च्या हंगामात त्यांपैकी ७७ टक्के बेकायदा शिशाने मारलेली निघाली. ती बदके मुख्यतः आतल्या भागातल्या शिकारीची होती, किनाऱ्यावरच्या क्लबांची नव्हेत, असे क्लबवाले सांगतात. त्यात तथ्य असू शकते, पण त्या आकड्याने सगळ्याच शिकाऱ्यांच्या शब्दाची किंमत उतरली हे त्यांनाही नाकारता येत नाही. २०२० मध्ये नऊ शिकार-संघटनांनी पाच वर्षांत शिसे स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन केले, ते पुरेसे फळले नाही, आणि २०२५ च्या जुलैमध्ये सरकारने तीन वर्षांची मुदत देऊन ग्रेट ब्रिटनमध्ये शिशाच्या छऱ्यांवर व्यापक बंदी घालण्याचा निर्णय जाहीर केला.

नव्या सभासदाला यातून व्यवहारातले एवढे कळले पाहिजे की शिशाऐवजी वापरले जाणारे पोलाद बरेच हलके असते. शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८ च्या आसपास. त्यामुळे पोलादी छर्रा लवकर वेग गमावतो, त्याची भरपाई म्हणून दोन नंबर मोठा छर्रा घ्यावा लागतो आणि पल्ला आटोपता ठेवावा लागतो. जुन्या पातळ नळीच्या बंदुकीला पोलाद चालेल की नाही हे बंदूक-कारागिराकडून तपासून घ्यावे लागते. बिस्मथ आणि टंगस्टनची काडतुसे जुन्या बंदुकींना मानवतात, पण त्यांची किंमत खिशाला मानवेलच असे नाही. लांबून बार टाकून पक्षी जखमी करणे हा क्लबात सर्वांत निंद्य प्रकार मानला जातो. पडलेला पक्षी हाती लागलाच पाहिजे, म्हणून पाण्यात शिरून तो आणणारा कुत्रा, बहुधा लॅब्रॉडोर, जवळजवळ अनिवार्य असतो.

हंगामाचे नियम १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्यात आहेत. ग्रेट ब्रिटनमध्ये बदके आणि शिकारयोग्य रानहंस यांचा हंगाम १ सप्टेंबरला सुरू होतो. आतल्या जमिनीवर तो ३१ जानेवारीला संपतो, पण सरासरी उधाण-भरतीच्या रेषेखाली २० फेब्रुवारीपर्यंत चालतो. म्हणजे १० फेब्रुवारीला बांधाच्या आतल्या बाजूला जो पक्षी मारणे गुन्हा आहे, तोच बांधाबाहेरच्या चिखलावर कायदेशीर असतो, आणि ही रेषा जमिनीवर आखलेली नसते. ती नकाशावर पाहून डोक्यात ठेवावी लागते. स्कॉटलंडमध्ये रविवारी आणि नाताळच्या दिवशी पाणपक्ष्यांची शिकार चालत नाही, आणि इंग्लंडमध्येही नॉर्फक, डेव्हन, कॉर्नवॉल अशा काही परगण्यांत रविवार वर्ज्य आहे. मारलेला रानहंस विकता येत नाही. तो स्वतः खावा किंवा कोणाला द्यावा. एका दिवसात किती पक्षी मारावेत यावर कायद्यात मर्यादा नाही, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. ती मर्यादा क्लब घालतात, आणि संमतिपत्रातल्या अटींमुळे ती बदलण्याची मुभा त्यांनाही फारशी नसते.

कडाक्याच्या थंडीसाठी वेगळी तरतूद आहे. जमीन आणि उथळ पाणी गोठले की पक्ष्यांचे अन्न बर्फाखाली अडकते, अंगातली चरबी संपत येते, आणि अशा वेळी त्यांना उडवणे म्हणजेच त्यांची उरलीसुरली शक्ती खर्च करायला लावणे. म्हणून किनाऱ्यावरच्या हवामान केंद्रांचे आकडे रोज पाहिले जातात. सुमारे आठवडाभर गोठण टिकली तर स्वेच्छेने संयम पाळण्याची सूचना येते आणि सुमारे दोन आठवडे टिकली तर सरकार शिकार स्थगित करते. त्या काळात सूचना पाहिली नव्हती ही सबब चालत नाही.

हंगामाबाहेरचे काम हा सभासदत्वाचा दुसरा अर्धा भाग. बांधाची डागडुजी, पाण्याची पातळी राखणारी झडप दुरुस्त करणे, उथळ तळी खणणे, माजलेले गवत आणि झुडपे काढणे, किनाऱ्यावर वाहून आलेला कचरा उचलणे, अशा श्रमदानाला ठरावीक दिवस येणे अनेक क्लबांत बंधनकारक असते आणि न येणाऱ्याकडून जादा वर्गणी घेतली जाते. काही क्लबांनी खाजणे आणि लगतची कुरणे विकत घेतली आहेत. १९८६ मध्ये बॅस्कच्या पुढाकाराने स्थापन झालेली वाइल्डलाइफ हॅबिटॅट ट्रस्ट त्यासाठी कर्ज देत आली आहे. १९४७ पासून चालत आलेल्या पाणपक्ष्यांच्या मोजणीतही काही सभासद भाग घेतात. या कामाचे मोल खरे आहे, पण ते मोजताना एक तराजूही जवळ ठेवावा: सुधारलेले कुरण शिकारयोग्य बदकांना जेवढे उपयोगी, तेवढेच टिटव्यांना आणि सुरय्यांना असेलच असे नाही.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे शिशापुरते मर्यादित नाही. गोळीबाराने फक्त मारलेलाच पक्षी नव्हे, तर सगळा थवा त्या जागेवरून उठतो. डेन्मार्कमध्ये १९९० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत पाणथळ जागेचा काही भाग शिकारमुक्त केल्यावर तेथे येणाऱ्या पक्ष्यांची संख्या आणि त्यांचा मुक्काम दोन्ही वाढल्याचे दिसले. क्लबांच्या पट्ट्यांत अभय-क्षेत्रांची अट असते त्यामागे अशाच अभ्यासांचे बळ आहे. दुसरा आक्षेप यादीवर आहे. पोचार्ड हे बदक २०१५ पासून जागतिक यादीत संकटग्रस्त मानले जाते, तरी ब्रिटनच्या शिकारयोग्य यादीत ते त्यानंतरही राहिले. अनेक क्लबांनी आपल्या नियमांतून ते स्वतःच वगळले. कायदा मागे आणि क्लब पुढे असे येथे घडले, आणि शिशाच्या बाबतीत नेमके उलट घडले. दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवल्याशिवाय स्वयंनियमनाबद्दल मत बनवू नये असे मला वाटते.

मराठी वाचकाचा या विषयाशी एक खरा धागा आहे. तरंग, चक्रांग, तलवार बदक आणि थापट्या हे पक्षी नांदूर मध्यमेश्वर आणि जायकवाडीच्या पाण्यावरही हिवाळ्यात उतरतात; थवे निराळे, जाती त्याच. आपल्याकडे त्यांच्या शिकारीचा शेवट निराळ्या वाटेने झाला. भरतपूरच्या केवलादेव येथे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो आणि त्यांच्याबरोबरच्या शिकाऱ्यांनी एका दिवसात ४,२७३ पक्षी मारल्याची नोंद तेथील शिलालेखावर कोरलेली आहे. १९८१ मध्ये तीच जागा रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. तेथे शिकार संस्थानिकांची आणि त्यांच्या पाहुण्यांची होती, गावकऱ्यांची नव्हती. संस्थाने गेल्यावर तिच्या बाजूने बोलायला कोणी उरले नाही. ब्रिटनमध्ये किनाऱ्यावरचा गवंडी, कोळी आणि गिरणीकामगारही चिखलात उतरत होता, आणि त्याच्यामागे संघटना होती. महाराष्ट्रातल्या रायफल क्लबांत जे चालते ती लक्ष्यावरची नेमबाजी आहे. तिच्या अनुभवाचा उपयोग ब्रिटनमध्ये बंदूक सुरक्षितपणे हाताळण्यापुरता होईल, खाजणात नाही.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आणि या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या माणसाने हंगाम संपल्यावर, म्हणजे वसंतात, स्थानिक क्लबाच्या सचिवाशी बोलावे. तेव्हा समित्यांकडे वेळ असतो आणि श्रमदानाचे दिवस तोंडावर असतात. सर्टिफिकेट हाती नसतानाही श्रमदानाला येऊ का, असे विचारावे. बहुतेक ठिकाणी होकार मिळतो आणि पुढच्या शिफारशीची सोय तेथेच होते. थोड्या दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला स्वतः अर्ज करता येत नाही. त्याच्यासाठी येथल्या रहिवाशाने पोलिसांकडे पाहुणा-परवाना मागावा लागतो. पंधरा वर्षांखालील मुलाला सर्टिफिकेट मिळू शकते, पण जोडलेली बंदूक त्याच्या हाती २१ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या माणसाच्या देखरेखीखालीच देता येते. पूर्ण सभासद झाल्यावर दर फेरीची नोंद करायची असते: तारीख, जागा, वेळ, जातीनिहाय पक्षी. हंगामाअखेर ती वही किंवा अर्ज ठरलेल्या मुदतीत सचिवाकडे गेला पाहिजे, एकही पक्षी मारला नसेल आणि एकही फेरी झाली नसेल तरी. तो न देणाऱ्याचा पुढच्या वर्षीचा परवाना अनेक क्लब रोखून धरतात, कारण पट्टा आणि संमती यांच्या पुढच्या नूतनीकरणाला क्लबाने जोडायचा मुख्य पुरावा म्हणजे हेच कागद.